भिंतीतलं बिऱ्हाड

खोली दाखवण्याआधी नर्सबाईंनी माझी जी उलटतपासणी घेतली, तशी पुढे लग्न जमवताना सासरच्या मंडळींनीसुद्धा घेतली नाही. दुसरबीडच्या शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती. बुलढाण्याहून वडील सोबत आले होते. कचेरीत कारकुनी करून त्यांना प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची नाही. नर्सबाईंनी आधी आम्हा दोघांना अंगणात पाय धुवायला लावले. मग जात विचारली नाही, पगार विचारला नाही, स्वयंपाकात काय शिजतं तेही विचारलं नाही. अगरबत्ती लावता का, डासांची कॉइल जाळता का, अंगाला सेंट फासता का, भिंतीला खिळे ठोकायची सवय आहे का, एवढंच विचारलं. वडिलांच्या कपाळावर आठी चढत गेली. मी सगळ्याला नाही म्हणत गेले.

"मंग राहा," बाई म्हणाल्या. "पण या खोलीत आंधीपासून एक बिऱ्हाड हाय. त्याईले तरास नाई झाला पाह्यजे."

वडिलांनी आत डोकावून पाहिलं. एक लोखंडी खाट, एक मोरी आणि एक खिडकी. दुसरं कोणी नाही. तेव्हा बाईंनी आम्हाला घराच्या मागच्या अंगाला नेलं. दगडमातीच्या जाड भिंतीत छातीएवढ्या उंचीवर बोट जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून मधमाश्या ये-जा करत होत्या. आतल्या बाजूने तिथे पूर्वी कोनाडा होता. बाईंनी फळी ठोकून तो कधीच बंद केला होता आणि फळीमागे मोहळ होतं. माझ्या खाटेची डोक्याची बाजू नेमकी त्या फळीला लागून. बसमध्ये चढताना वडील एवढंच म्हणाले, की दुसरी खोली बघ.

मी दुसरी खोली बघितली नाही. आळस म्हणा. पण खरं कारण असं की, दोन-चार दिवसांतच मला त्या आवाजाची सवय झाली. दूरच्या गल्लीत पिठाची गिरणी चालू असावी तसा तो आवाज यायचा, कधी चढा, कधी उतरता. थंडीत ती भिंत कोमट लागायची. वह्या तपासताना मी फळीला पाठ टेकून बसायचे आणि पाठीला ती बारीक थरथर लागायची. घरापासून पहिल्यांदाच दूर राहिलेल्या मुलीला रडू यायला हवं होतं, ते काही आलं नाही. आज माझ्या घराला चांगल्या पक्क्या भिंती आहेत, वरून रंग आहे, आणि त्या भिंतींतून शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो. त्या आवाजाची मला आठवण येते, आणि ती अशी अवेळी येते की हातातलं काम थांबतं.

नर्सबाई मूळच्या मोताळ्याकडच्या. नोकरीत बदलीवर इकडे आल्या आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची गावात कोणाची छाती नव्हती. निवृत्तीनंतरही पांढरंच पातळ नेसायच्या आणि घरात सदैव काहीतरी उकळत ठेवलेलं असायचं. दुधाची पातेली, गाळणी, लिंबू पिळायचं यंत्र, सगळं उकळून निघायचं. बाजारातली भाजी तीन पाण्यांतून काढल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसे. एकदा मी पेला विसळून त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेल्याचा वास घेतला, पाणी तुळशीत ओतलं आणि पेला परत माझ्या हातात दिला. मी म्हटलं, धुतला होता बाई. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की, माझ्याही तोंडात बसलं.

"धुतलं म्हणणं निराळं अन् धुणं निराळं."

गावातली निम्मी जनता त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यामुळे माणसांची ओळखही त्यांना त्याच बाजूने असायची. सरपंच त्यांच्या लेखी 'गळ्यात नाळ घेऊन आला तो', किराणा दुकानदार 'दोन दिवस छळलं त्यानं मायले'. मिशांना पीळ देत फिरणारे बाप्ये बाई समोरून आल्या की, रस्ता बदलायचे. न जाणो, चारचौघांत आपल्या जन्माची हकिकत निघायची! मला ही ओळखपद्धत फार आवडायची. माझा जन्म बुलढाण्याच्या दवाखान्यात झाला म्हणून मी वाचले.

मोहळातला मध मात्र त्यांनी कधी काढला नाही. गावात एक काकू खोकल्याने बेजार होत्या, त्यांनी वाटीभर मध मागितला. बाई म्हणाल्या, बाळंतिणीचं दूध काढून शेजाऱ्याला देते का कोणी? काकूंनी वाटी पदराखाली घेतली आणि निघून गेल्या. मी बाजारातून मधाची बाटली आणली ती महिनाभर पेटीत लपवून ठेवली होती.

आमच्या त्या भागात कांद्याचं बी पिकवतात. पोसलेले कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना दांडे फुटतात आणि दांड्यांच्या टोकाला पांढरे गोंडे येतात. थंडी सरता सरता शेतंच्या शेतं पांढरी होतात. त्या गोंड्यांत बी धरतं ते माश्यांच्या जिवावर. माशी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर फिरली तर काळं टपोरं बी, नाहीतर नुसतं फोलपट. पण त्याच दिवसांत गोंड्यांवर थ्रिपही पडतो. बारीक किडा, पण अख्खा गोंडा वाळवतो. शेतकरी मग फवारा मारतात आणि किड्याबरोबर माशीही मरते. पूर्वी बांधावरच्या झाडांना मोहळं लटकलेली असत म्हणे. मी गेले तेव्हा बाईंच्या भिंतीतलं हे एकच बिऱ्हाड उरलं होतं.

गोंडे फुलले की बाईंची फेरी सुरू व्हायची. लसीकरणाच्या आदल्या दिवशी घरोघर सांगत जायची त्यांची जुनी सवय, तीच त्यांनी इकडे लावली. हातात छत्री घेऊन बांधाबांधाने जायच्या आणि प्रत्येकाला सांगायच्या, की मारायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर मारा, माश्या घरी आल्यावर. कोणी 'औषध मारतो' म्हटलं की, त्यांचं डोकं फिरायचं. आयुष्यभर मी औषध दिलं, ते कोणाला मारायला नव्हे, असं सुनवायच्या. काही जण ऐकायचे. काही जण हो म्हणून भरदुपारी फवारायचे. कोणी कोणी मागे बोलायचं, की धूर करा आणि मोहळच काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल.

घरामागचं शेत विलासचं. हा त्यांच्या हातावरचा पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला. बाईंनी त्याला कसा वाचवला ही गोष्ट तो स्वतःच अभिमानाने सांगायचा. बाईंशी वाद घालायची हिंमत गावात त्या एकट्याला होती. त्याचंही खोटं नव्हतं. तो म्हणायचा, बाई, थ्रिपनं गोंडा वाळला तर तुमच्या माश्या कशावर बसतील? बाई चहा टाकायच्या, दोघं मिळून प्यायचे, आणि विलास सूर्य मावळायची वाट पाहायचा.

एका वर्षी गोंडे फुलले आणि शेतात शुकशुकाट. बाईंच्या माश्या थोड्या, त्याही भलत्याच दिशेला जायच्या. विलास रोज बांधावर उभा राहून पांढऱ्या शेताकडे बघायचा. वर्षाचं पीक समोर फुललेलं आणि त्यात बी धरेल की नाही याचा पत्ता नाही. एक दिवस सकाळी तो दारात आला, चपला बाहेर काढल्या, पाय न सांगता धुतले आणि म्हणाला,

"बाई, तुमच्या माश्या माह्या वावरात धाडा ना."

मी त्या वेळी ओट्यावर वेणी घालत होते. बाईंचा चेहरा मला अजून दिसतो. इतकी वर्षं लोकांनी त्यांच्या माश्यांबद्दल तक्रारी केल्या होत्या, थट्टा केली होती. आमंत्रण द्यायला पहिल्यांदाच कोणी आलं होतं. मुलीला चांगलं स्थळ सांगून यावं तशा त्या लगबगीने उठल्या. गुळाचं पाणी गोंड्यांवर शिंपडलं की वासाने माश्या येतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंनी घरातला काळा गूळ काढला, इस्त्रीचं पातळ नेसल्या आणि मलाही चल म्हणाल्या. शाळेला सुट्टी होती, मी गेले.

विलासने फवारणीचा पंप आणला. धुतलाय म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की, तो हसून बाजूला झाला. त्यांनी पंप स्वतः धुतला. सोड्याने टाकी घासली, नळी खळखळून काढली, तोटी सोडवून ओठांजवळ नेऊन फुंकली, आणि पुन्हा सगळं एकदा पहिल्यापासून. विलास मोटर चालू करायला शेताच्या पलीकडच्या टोकाच्या खोपटात गेला. विहिरीच्या काठावर एक निळी बादली होती. चांगली स्वच्छ दिसत होती. बाईंनी तिच्यात पाणी घेतलं, गूळ फोडून टाकला आणि कोपरापर्यंत हात घालून विरघळवला. काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या. गुळाचा असा खमंग वास सुटला होता, की दुसरा कुठला वास येणं शक्यच नव्हतं. विलास येऊन पंप पाठीवर घेऊन निघाला, तेव्हा बाईंनी त्यात गुळाचं पाणी भरून ठेवलेलं होतं.

माश्या आल्या. खरंच आल्या. ऊन वर चढलं तसं ते पांढरं शेत गुणगुणायला लागलं, आणि बाई बांधावर छत्री मिटून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, बघ वं मास्तरीण. एवढंच म्हणाल्या. माझ्या आठवणीतल्या सगळ्या नर्सबाईंमध्ये मला ही एक परत बघायला मिळावी असं फार वाटतं.

दुपारी आम्ही घरी जेवत होतो. खिडकीच्या बाहेर टपटप असा अगदी हलका आवाज येऊ लागला. मागे जाऊन पाहिलं तर भोकाखाली माश्या पडत होत्या. पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या. आतून दुसऱ्या माश्या मेलेल्यांना ओढून बाहेर टाकत होत्या आणि टाकता टाकता स्वतः पडत होत्या. बाई खाली बसल्या. विलासही धावत आला, त्यानेही शेतात तेच पाहिलं होतं. मग त्याने विचारलं,

"बाई, गूळ कशात कालवला व्हता?"

"त्या निळ्या बादलीत."

फवारणीचं विष विलास त्याच बादलीत कालवायचा. पंप धुतला, बादलीचं कोणाच्या लक्षात आलं नाही. पेल्याचा वास घेणाऱ्या बाईंच्याही नाही. विलास मग रडायला लागला, म्हणाला बादली माझी, मीच तिथे ठेवली, माझंच चुकलं. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. तो हात त्यांनी मग संध्याकाळपर्यंत मोरीवर घासला.

उरलेल्या माश्या चार-पाच दिवसांत उडून गेल्या. भिंत गार पडली. माझी पाठ वह्या तपासताना सवयीने फळीकडे जायची आणि मी सरळ बसायचे.

मला वाटलं होतं बाई आता घराबाहेर पडणार नाहीत. निदान या गोष्टीची वाच्यता करणार नाहीत. विलास सगळं स्वतःवर घ्यायला तयार होता, गावाला त्यात काही वावगं वाटलं नसतं. पण बाईंनी छत्री घेतली आणि लसीकरणासारख्या घरोघर फिरल्या. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, की माश्या माझ्या हाताने मेल्या, बादली मी बघितली नाही. एक जण म्हणाला, जाऊ द्या बाई, माश्याच तर होत्या. त्याच्याकडे बाई पुढे कधी पाणी प्यायल्या नाहीत. दुसरा जरा खवचट, तो म्हणाला, मग आता आम्हाला सांगायला येणार नाही ना तुम्ही?

"आता तं जास्तच सांगीन," बाई म्हणाल्या. "आता मले माहीत हाय कसं मरते ते."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या विलासच्या शेतात जायला लागल्या. जुन्या सुती पातळाचा मऊ तुकडा हाताला गुंडाळायचा आणि या गोंड्यावरून त्या गोंड्यावर हलकेच फिरवायचा. माशीचं काम. सकाळचं दव वाळलं की सुरू, ऊन डोक्यावर येईपर्यंत. विलास आणि त्याची बायकोही करायचे, सुट्टीला मीही जायचे. तासाभरात माझी कंबर धरायची. बाई वाकून एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जात राहायच्या. पांढऱ्या गोंड्यांत पांढरं पातळ, लांबून दिसायच्याही नाहीत. एकदा मी जवळ गेले तर त्या तोंडाने काहीतरी म्हणत होत्या. भजन असेल असं वाटलं. कान देऊन ऐकलं तर शब्द नव्हते, नुसती गुणगुण होती. मला आधी हसू आलं, आणि मग मी खाली मान घालून पुढचा गोंडा धरला.

गोंडे खुडून, वाळवून, झोडपून झाले, तेव्हा विलासने पहिली मूठ आणून बाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांनी फुंकर मारली. अर्ध्याहून जास्त उडून गेलं. उरलं ते त्यांनी मूठ मिटून धरलं आणि एका माणसाच्या हाताला माशीची सर येत नाही, असं काहीसं पुटपुटल्या. त्या वर्षी अंगणातल्या वेलावर भोपळेही धरले नाहीत. बोटभर व्हायचे, पिवळे पडायचे आणि गळायचे. पुढच्या वर्षीपासून बाई नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला टेकवायला लागल्या. मला म्हणायच्या, या वयात भोपळ्याच्या सोयरिकी जुळवून राह्यली.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं. मी वर्षातून एकदा-दोनदा जाऊन यायचे. खोलीत नवे भाडेकरू यायचे आणि बाई त्यांना तेच विचारायच्या, अगरबत्ती लावता का, कॉइल जाळता का. आता भिंतीत कोणी राहत नाही, हे भाडेकरूंना गावात कळायचं आणि ते बाईंना वेडसर समजायचे. भोक बाईंनी बुजू दिलं नाही. दिवाळीला घर रंगवलं तरी त्याच्याभोवती वीतभर जागा सोडून. गेलेलं मोहळ कधीकधी परत येतं, जुन्या मेणाचा वास त्यांना सापडतो, असं त्या सांगायच्या.

मग बाईंचे कान गेले. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला खोलीत न्यायच्या आणि फळीला कान लावायला सांगायच्या. मलाही नेलं. मी कान लावला. भिंत गारठलेली होती आणि आत काही नव्हतं. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हो म्हणावं असं किती वाटलं ते मीच जाणे. पण मी मान हलवून नाही म्हटलं.

"बरं केलं खरं सांगलं," त्या म्हणाल्या. मग पातळाचा काठ सारखा करत म्हणाल्या, "इलास रोज येते. रोज कान लावते अन् म्हणते, येते बाई आवाज, बारीक येते. त्याले वाट्टे मले कळत नाई."

मी मोठ्याने, त्यांच्या कानाशी विचारलं, मग तुम्ही काय म्हणता? मला वाटलं आता पेल्याचंच उत्तर येणार, म्हणणं निराळं आणि असणं निराळं.

"म्या काय म्हणू? म्हणते, बरं."

या थंडीत बाई गेल्या. मी तेरवीला गेले. मोताळ्याचा भाचा आला होता, भला माणूस, सगळ्यांना पानावर बसवून आग्रह करत होता. घर भाड्याने द्यायचं म्हणाला, आणि मागच्या भिंतीला गिलावा करून ते भोक आधी बुजवायचं, नाहीतर विंचू-काटा आत जायचा. गवंडी दुसऱ्या दिवशी यायचा होता. जेवणं झाल्यावर विलासने मला खुणेने बोलावलं. आम्ही त्या खोलीत गेलो. खाट तिथेच होती. विलासचे केस आता पांढरे झाले आहेत. त्याने फळीला कान लावला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मागच्या शेतात पुन्हा कांद्याला गोंडे आले होते.

"नाई येत, मॅडम," तो म्हणाला. "कधीच नाई आला."

आता कोणाला खोटं सांगायचं, असा त्याचा चेहरा झाला होता. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. फळीला कान लावला. भिंत तशीच गार होती. मी डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, थांब विलास, येतोय. बारीक आहे, पण येतोय.

विलासने माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरच्या उपरण्याने त्याने तोंड पुसलं.

"बरं," तो म्हणाला.